कामगारांचे दप्तर : किती काळ जपावे ?

सोलापूर शहर गिरण्यांच्या भोंग्यावर वाढले. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली आणि पुढील काही दशकांत नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू व जाम या गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांत कामाला आलेली माणसे एका मुलखाची नव्हती. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, विजापूर-गुलबर्ग्याकडून कानडी भाषक आले, मराठवाड्यातून आणि शेजारच्या अक्कलकोट संस्थानातून मराठी शेतमजूर आले. आज आपण या सर्वांना सोलापूरकर म्हणतो. परंतु १९४८ पूर्वी यांपैकी पुष्कळांचे मूळ गाव निजामाच्या राज्यात, म्हणजे वेगळ्या अमलाखाली होते. तेथील कायदे वेगळे, चलन वेगळे, गावकामगारांचे दप्तरही वेगळे. असा माणूस गिरणीच्या दारात आला की त्याचे तेलुगू नाव कारकुनाने मराठी कानांनी ऐकावे, कधी मराठीत तर कधी इंग्रजीत उतरवावे आणि वय अंदाजाने घालावे, असे सर्रास घडे. (शाळेत नाव दाखल करताना लिहिली गेलेली १ जून ही जन्मतारीख महाराष्ट्रात किती जणांची आहे, याची मोजदाद एकदा करण्यासारखी आहे !)

एकाहून अधिक देशांत नोकरवर्ग असलेल्या आस्थापनांनी त्या नोकरांचे अभिलेख किती काळ ठेवावेत आणि केव्हा नष्ट करावेत, हा प्रश्न आज संगणकयुगाचा म्हणून चर्चिला जातो. माणूस एका अमलातून दुसऱ्या अमलात कामाला गेला की त्याच्या कागदांचे काय होते, हा त्याचा गाभा मात्र सोलापूरला जुनाच आहे. म्हणून या विषयाचा अभ्यास येथूनच सुरू करणे सोयीचे ठरेल.

कागद कशासाठी ?

हजेरीपट, पगारपत्रक, रजेची नोंदवही, अपघाताची नोंदवही, भविष्य निर्वाह निधीची विवरणपत्रे हे सारे कागद मालक ठेवतो. ते ठेवण्याची सक्ती कायदा करतो ती मुख्यतः तपासणीसाठी. निरीक्षक येईल, नोंदवही मागेल, ती दाखवता आली पाहिजे, एवढाच हेतू त्यामागे असतो. त्यामुळे कायद्याने घातलेल्या मुदती लहान असतात. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात शेवटच्या नोंदीपासून तीन वर्षे नोंदवह्या जपाव्यात असे म्हटले होते. किमान वेतनाच्या केंद्रीय नियमांतही तीन वर्षेच होती आणि कंत्राटी कामगारांच्या केंद्रीय नियमांतही तितकीच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि असे एकोणतीस कायदे त्यांत सामावले गेले. परंतु ज्या कामगारांची नोकरी जुन्या कायद्यांच्या काळात झाली, त्यांचे कागद त्या तीन वर्षांच्या हिशेबानेच राहिले किंवा गेले.

कामगाराला तोच कागद किती वर्षांनी लागतो ? येथे दोन हिशेबांतील अंतर उघडे पडते. उपदान मिळण्यासाठी पाच वर्षांची अखंड सेवा सिद्ध करावी लागते. एका वर्षाची सेवा अखंड ठरण्यासाठी सर्वसाधारणपणे २४० दिवसांची हजेरी लागते. ही हजेरी सिद्ध करण्याचा भार कोणावर ? सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली तो कामगारावर असल्याचे सांगितले. रोजंदारीवरच्या माणसाजवळ हजेरीपट कोठून असणार, ही अडचण ध्यानी घेऊन २००५ च्या एका निर्णयात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, कामगाराने स्वतः साक्ष द्यावी आणि मालकाकडील हजेरीपट, वेतनपत्रक इत्यादी न्यायालयापुढे आणण्याची मागणी करावी. मागणी करता येते हे खरे. पण मुदत संपली म्हणून तो कागद आधीच रद्दीत गेला असेल, तर ती मागणी मागणीच राहते.

मुंबईच्या गिरणी कामगारांचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. बंद पडलेल्या ५८ गिरण्यांच्या कामगारांना व त्यांच्या वारसांना घरे देण्याच्या योजनेत १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असल्याचा पुरावा मागितला जातो. म्हाडाने सप्टेंबर २०२३ मध्ये सुमारे दीड लाख अर्जदारांची कागदपत्रे तपासण्याची मोहीम हाती घेतली. ग्राह्य धरलेले कागद कोणते, तर गिरणीचे ओळखपत्र, तिकीट क्रमांक, सेवा प्रमाणपत्र, लाल पास, हजेरी पास, राज्य कामगार विम्याचा क्रमांक, रजेची नोंदवही, पगाराची पावती, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक. १९८२ ते २०२३ म्हणजे एक्केचाळीस वर्षे. तीन वर्षे जपायचा कागद एक्केचाळीस वर्षांनी घर मिळवून देतो किंवा घालवतो. कोकणातल्या किंवा घाटावरच्या घरी पत्र्याच्या पेटीत कोणी आजीने तो लाल पास लुगड्याच्या घडीत ठेवला असेल, तर तिच्या नातवाचे काम झाले. मालकाच्या दप्तरखान्यावर अवलंबून राहिलेल्यांना हेलपाटे पडले.

निवृत्तिवेतनाचेही तसेच. ४ नोव्हेंबर २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर वाढीव निवृत्तिवेतनासाठी अर्ज मागविण्यात आले. त्या वेळी, वेतनमर्यादेपेक्षा अधिक रकमेवर वर्गणी भरण्यास मालक व कामगार यांनी पूर्वी दिलेल्या संयुक्त संमतीचा पुरावा अनेकांपाशी मागितला गेला. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा तो एक पानाचा कागद शोधण्यासाठी सुशिक्षित, पगारदार माणसांचीही तारांबळ उडाली.

विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या नोंदी

सोलापुरातील गिरण्या आज बंद आहेत. विडी उद्योग मात्र हजारो स्त्रियांच्या हाताला काम देत आला आहे, आणि त्यांत तेलुगू भाषक स्त्रियांचा भरणा मोठा आहे. पाने, तंबाखू व दोरा घरी न्यावा, विड्या वळून शाखेत द्याव्यात, तेथे त्या मोजून घेतल्या जाव्यात, अशी कामाची रीत. कारखान्याचे दार नाही, भोंगा नाही, म्हणून हजेरीही नाही. किती माल नेला आणि किती विड्या दिल्या याची पुस्तकातली नोंद हीच तिची हजेरी.

१९७७ साली विडी उद्योग भविष्य निर्वाह निधीच्या कायद्याखाली आणला गेला. घरी बसून विड्या वळणारी स्त्री आमची नोकरच नव्हे, असा पवित्रा मालकांनी घेतला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २५ सप्टेंबर १९८५ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, निकृष्ट विड्या नाकारण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे त्याचे कामावर नियंत्रण आहे आणि म्हणून घरखेप कामगारही नोकरच होत. अधिसूचनेपासून निकालापर्यंत आठ वर्षे गेली. वाद चालू असता मुदत संपली म्हणून नोंदी नष्ट करण्याची मुभा कोणास असेल, तर निकाल लागूनही हाती काही पडणार नाही. म्हणूनच, ज्या विषयावर वाद, चौकशी किंवा दावा चालू आहे त्याचे कागद त्याचा शेवट होईपर्यंत मोडीत काढू नयेत, हे कलम अभिलेखांच्या कोणत्याही नियमावलीत पहिल्या पानावर असले पाहिजे.

१६ नोव्हेंबर १९९५ पासूनच्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत मासिक निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते. समजा, एका स्त्रीने पहिली सहा वर्षे एका शाखेत आणि पुढील सात वर्षे दुसऱ्या कारखान्याच्या शाखेत काम केले. दोन्ही नोंदी जुळल्या तर तेरा वर्षे भरतात. पहिल्या नोंदवहीत माहेरचे लक्ष्मम्मा हे नाव, दुसरीत सासरचे लक्ष्मीबाई, आणि आधारपत्रावर तिसराच काही प्रकार असेल, तर सात वर्षेच हाती राहतात व निवृत्तिवेतन हुकते. नाव एक की तीन, हे सांगू शकणारा दुवा म्हणजे पहिल्या शाखेचे पुस्तक. ते शाखेने किती वर्षे ठेवायचे ? निरीक्षकाच्या दृष्टीने तीन-पाच वर्षे पुरेशी आहेत. त्या स्त्रीच्या दृष्टीने ती अठ्ठावन्न वर्षांची होईपर्यंत, आणि पतीला मिळणाऱ्या कुटुंब-निवृत्तिवेतनाचा विचार केला तर त्याहूनही पुढे.

देशोदेशींच्या मुदती

आता आजच्या काळाकडे वळू. सोलापूरचे टॉवेल परदेशी जातात. अक्कलकोट रस्त्यावरील किंवा चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीतील एखादा काल्पनिक कारखाना घेऊ. सोलापुरात त्याचे दीडशे कामगार, दुबईत गोदाम सांभाळणारी चार माणसे, जर्मनीत विक्रीसाठी दोघे आणि लंडनमध्ये एक. मालक एक, पगाराचा संगणकही एकच, आणि तो सोलापुरात. या एकशे सत्तावन्न माणसांच्या कागदांना कोणता नियम लावावा ?

प्रथम लक्षात घ्यावयाचे ते हे की, नियम सामान्यतः माणूस जेथे काम करतो त्या देशाचा लागतो. कचेरी कोठे आहे किंवा माणूस कोणत्या गावचा आहे यावर तो ठरत नाही. सोलापूरचाच मुलगा जर्मनीतील कचेरीत बसू लागला की त्याच्या माहितीला युरोपीय संघाचा २५ मे २०१८ पासून लागू झालेला माहिती संरक्षणाचा कायदा लागतो. जर्मन गिऱ्हाइकासाठी सोलापुरात टॉवेल विणणाऱ्या कामगाराला तो केवळ तेवढ्यावरून लागत नाही. गिऱ्हाइकाचे तपासनीस सोलापुरात येतात व सामान्यतः मागील वर्षभराचे हजेरीपट आणि पगारपत्रके पाहतात. ती मागणी खरेदीच्या कराराची असते. कायद्याची मुदत आणि कराराची मुदत यांची गल्लत करू नये.

मुदती देशागणिक वेगळ्या आहेत, आणि त्यांमागे एक सूत्र आहे. हक्क मागण्याची मुदत जितकी, तितके कागदाचे आयुष्य. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यात नोकरी संपल्यानंतर कामगाराची कागदपत्रे किमान दोन वर्षे ठेवावयाची आहेत. तेथे कामगाराला दावा आणण्याची मुदत पूर्वी एक वर्ष होती. २०२४ च्या दुरुस्तीने ती सेवासमाप्तीपासून दोन वर्षे झाली. म्हणजे आखातातून परत येणाऱ्या माणसाने आपल्या हिशेबाचे कागद विमानात बसण्यापूर्वीच हाती घेतलेले बरे, कारण दोन वर्षांनी तेथे ते असतीलच असे नाही. ब्रिटनमध्ये पगारातून कापलेल्या कराच्या नोंदी करवर्ष संपल्यापासून तीन वर्षे, पण किमान वेतन दिल्याच्या नोंदी १ एप्रिल २०२१ पासून सहा वर्षे. करारभंगाचा दावा आणण्याची मुदतही तेथे सहा वर्षेच आहे. जर्मनीत वेतनखाते शेवटच्या नोंदीनंतरच्या सहाव्या वर्षाच्या अखेरपर्यंत ठेवतात. जपानमध्ये २०२० च्या दुरुस्तीने पाच वर्षांची मुदत ठरली, तथापि तूर्त तीन वर्षे चालतील अशी सवलत ठेवली गेली. सिंगापूरमध्ये नोकरी सोडलेल्याच्या शेवटच्या दोन वर्षांच्या नोंदी एक वर्ष ठेवल्या की पुरे.

आणि फ्रान्स ! तेथे मालकाने आपल्यापाशी पगारपत्रकाची प्रत पाच वर्षे ठेवावयाची. पण कामगाराला पगारपत्रक कागदाऐवजी संगणकीय स्वरूपात दिले असेल, तर ते त्याला पन्नास वर्षे, किंवा निवृत्तीच्या वयानंतर आणखी सहा वर्षे होईपर्यंत, पाहता येईल अशी हमी मालकाने द्यावयाची. या एका नियमात दोन निरनिराळ्या गरजा वेगळ्या काढल्या आहेत. मालकाची गरज पाच वर्षांची, कामगाराची पन्नास वर्षांची. आपल्याकडील गिरणी कामगारांच्या हेलपाट्यांचा विचार करणाऱ्याने हा नियम मुद्दाम अभ्यासावा असे मला वाटते.

आरोग्याच्या नोंदींचा हिशेब याहून निराळा. कापसाच्या धुळीने फुप्फुसांना होणारा बिसिनोसिस हा आजार गिरणी कामगारांना वर्षानुवर्षांच्या कामानंतर जडतो. अॅस्बेस्टॉसचे आजार तर कित्येकदा नोकरी संपल्यावर वीस-तीस वर्षांनी डोके वर काढतात. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निर्णयात अॅस्बेस्टॉस उद्योगाला आदेश दिला की, प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद कामाच्या आरंभापासून किमान चाळीस वर्षे किंवा नोकरी संपल्यावर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत ठेवावी. अमेरिकेत धोकादायक द्रव्यांशी संबंध आलेल्यांच्या वैद्यकीय नोंदी नोकरीचा काळ अधिक तीस वर्षे ठेवतात. रोग ज्या गतीने येतो, त्या गतीने कागदाचे वय ठरले आहे.

मुदत केव्हापासून मोजावी ?

नियमावल्या करताना पुष्कळ आस्थापना वर्षांचा आकडा ठरवतात आणि तो कोणत्या दिवसापासून मोजायचा हे लिहीतच नाहीत. शेवटच्या नोंदीपासून, करवर्षाच्या अखेरीपासून, सेवासमाप्तीपासून की नेमणुकीपासून, यांत अनेक वर्षांचा फरक पडतो. अमेरिकेत नोकरीचा परवाना तपासल्याचे प्रपत्र नेमणुकीपासून तीन वर्षे किंवा सेवासमाप्तीपासून एक वर्ष, यांपैकी नंतरच्या तारखेपर्यंत ठेवतात. एखादा माणूस १ जानेवारी २०२० ला लागून १ जानेवारी २०२१ ला गेला, तर नेमणुकीच्या हिशेबाने जानेवारी २०२३ येते व सेवासमाप्तीच्या हिशेबाने जानेवारी २०२२. प्रपत्र २०२३ पर्यंत ठेवायचे. तोच माणूस दहा वर्षे टिकून २०३० च्या जानेवारीत गेला, तर २०३१ पर्यंत. नोकरी सोडल्याची तारीखच पगाराच्या संगणकात नीट भरलेली नसेल, तर हा हिशेब होऊच शकत नाही. आणि काम बंद करून गावी गेलेल्या माणसाची तारीख भरायची राहून जाते, हा नेहमीचा अनुभव आहे.

आपल्या काल्पनिक कारखान्याच्या व्यवस्थापकाला वाटेल की, एवढी डोकेफोड कशाला, सर्वांत लांब मुदत घ्यावी आणि सगळीकडे लावावी. भारतापुरता विचार केला तर हा उपाय आजवर चालून गेला. युरोपात तो चालत नाही. तेथे गरजेपेक्षा अधिक काळ माहिती ठेवणे हाच दोष आहे. नोकरी न मिळालेल्या उमेदवाराचा अर्ज जर्मनीत साधारण सहा महिन्यांत काढून टाकण्याचा प्रघात आहे, कारण भेदभावाची तक्रार मांडण्याची मुदत तेथे लहान आहे. तोच अर्ज ‘असू द्यावा’ म्हणून दहा वर्षे ठेवला, तर त्याचे समर्थन करता येणार नाही. यास्तव नियम माणसांवरून किंवा कपाटांवरून न करता कागदाच्या प्रकारावरून करावा. प्रत्येक प्रकारासमोर त्याचे प्रयोजन, कोणत्या देशाचा कोणता नियम, मुदत कोणत्या दिवसापासून, आणि मुदत संपल्यावर तो काढून टाकण्यास जबाबदार कोण, एवढे लिहिलेले असावे. नियमावली आहे, पण ती अमलात आणणारा माणूस नेमलेला नाही, अशा ठिकाणी ती कागदावरच राहते. मूळ नोंद पुसली आणि तिची प्रत लंडनच्या माणसाच्या ई-मेलमध्ये, सोलापूरच्या लेखापालाच्या पेन ड्राइव्हवर आणि रात्रीच्या बॅकअपमध्ये तशीच राहिली, तर पुसण्याला अर्थ राहत नाही, हेही सांगावयास हवे.

अंगठ्याचे उदाहरण घ्यावे. पूर्वी पगारपत्रकावर निरक्षर कामगार अंगठा उठवी. तो पैसे मिळाल्याची पावती होती व पुढे त्याच्या नोकरीचा पुरावाही. आज दारावरच्या हजेरीयंत्रात तोच अंगठा साठवला जातो, पण त्याचे काम कुलपाच्या किल्लीचे आहे. माणूस नोकरी सोडून गेला की त्या किल्लीचे प्रयोजन संपते आणि ठसा त्याच आठवड्यात पुसावा हे योग्य. यंत्राने नोंदलेली हजेरी मात्र ठेवली पाहिजे. यंत्र बसवणारा कंत्राटदार पुष्कळदा दोन्ही एकत्रच ठेवतो किंवा एकत्रच पुसतो. यंत्र विकत घेतानाच ही चौकशी करावी.

काय ठेवू नये

जर्मनीत न्युर्नबर्ग येथे एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीचे सेवाकेंद्र आहे. तेथील वरिष्ठ अधिकारी रजेवरून वा आजारपणातून परतलेल्या नोकरांशी आपुलकीने बोलत आणि नंतर त्यांच्या आजाराची लक्षणे, घरातील अडचणी, धार्मिक श्रद्धा यांच्या नोंदी करून ठेवीत. किमान २०१४ पासून हे चालले होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये संगणकातील चुकीमुळे काही तास या नोंदी कंपनीत सर्वांना दिसू लागल्या तेव्हा प्रकार उघडकीस आला, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये हॅम्बुर्गच्या माहिती संरक्षण अधिकाऱ्याने सुमारे ३ कोटी ५३ लाख युरो दंड केला.

सोलापूरला याहून जुने उदाहरण आहे. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली ब्रिटिश अमदानीत येथे तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. तेथील माणसे गिरण्यांत कामाला जात आणि त्यांची हजेरी दोन ठिकाणी लागे, एक गिरणीत व एक सेटलमेंटमध्ये. पहिली पगारासाठी, दुसरी पहाऱ्यासाठी. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त झाल्या. नावापुढे पडलेला शिक्का एखाद्या नोंदवहीत राहिला की, कायदा गेल्यावरही तो माणसाचा पाठलाग करतो. असा शिक्का कामगाराच्या दप्तरात मुळात लिहूच नये, हा धडा सरळ आहे. पण प्रकरण तेथेच संपत नाही. आज विमुक्त जातींच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात, आणि एकेकाळी कलंक ठरलेली जुनी नोंद आता त्याच घरातील मुलाला शिष्यवृत्ती मिळवून देऊ शकते. ती जाळून टाकावी असे कोणी म्हणणार नाही. ती मालकाच्या कपाटातून व रोजच्या वापरातून निघून अभिलेखागारात जावी, आणि ज्याची आहे त्याला किंवा त्याच्या वारसालाच तिची प्रत मिळावी. ‘किती काळ ठेवावे’ या प्रश्नाबरोबर ‘कोणी पाहावे’ हाही प्रश्न सोडवावा लागतो तो असा.

आपल्या देशाचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ साली झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य जबाबदाऱ्या नियम प्रसिद्ध झाल्यापासून अठरा महिन्यांनी लागू व्हावयाच्या आहेत. ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपले की ती पुसावी, मात्र अन्य कायद्याने ठेवणे भाग असेल तर ठेवावी, असे त्याचे तत्त्व आहे. सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा कायदा संगणकीय माहितीला आणि कागदावरून संगणकात घेतलेल्या माहितीला लागतो. गोदामात पडलेला जुना हजेरीपट तसाच असेपर्यंत त्याच्या कक्षेबाहेर आहे. त्याचे स्कॅनिंग केले की तो कक्षेत येतो. दंडाच्या धास्तीने जुनी दप्तरे स्कॅन करण्याऐवजी रद्दीत घालण्याचा मोह मालकांना होईल, अशी भीती वाटते. संशोधन व अभिलेख-जतनासाठी या कायद्यात सवलत ठेवलेली आहे, हे त्यांना वेळीच सांगितले पाहिजे.

शासकीय कार्यालयांचा प्रघात

या बाबतीत खासगी आस्थापनांना शासकीय कार्यालयांकडून घेण्यासारखे काही आहे. महाराष्ट्रातील कार्यालयांत अभिलेखांचे वर्ग ठरलेले असतात. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ दहा वर्षांचा, ‘क-१’ पाच वर्षांचा आणि ‘ड’ एक वर्षाचा. प्रकरण निकाली निघाले की त्याच वेळी त्यावर वर्ग घालावयाचा, म्हणजे पुढे येणाऱ्या माणसाला विचार करीत बसावे लागत नाही. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयीन सुधारणांचा जो उपक्रम केला आणि जो पुढे त्यांच्याच नावाने ओळखला गेला, त्यातही दप्तराच्या या वर्गवारीला मोठे स्थान होते. अर्थात वर्ग घालणे निराळे आणि वर्गाप्रमाणे दरवर्षी दप्तर छाटणे निराळे. दुसऱ्या कामाला सवड मिळत नाही, हे कोणत्याही अभिलेख कक्षाच्या दारातून आत पाहिल्यावर कळते.

सर्वांत बिकट प्रसंग आस्थापना बंद होते तेव्हाचा. मुदती पाळणारा मालकच उरत नाही. २७ ऑगस्ट १९४९ रोजी सोलापूरची जुनी मिल बंद पडली, तेव्हा शासनाने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून व्यवस्थापन हाती घेतले, आणि ते प्रकरण त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात जाऊन आपल्या घटनेच्या इतिहासात नोंदले गेले. भांडवल, भागधारकांचे हक्क, कामगारांची रोजी या सर्वांचा ऊहापोह त्यात झाला. गिरणी कायमची बंद होते तेव्हा यंत्रे, जमीन व भंगार यांची यादी होते. हजेरीपटांची यादी त्या यादीत क्वचितच असते. परदेशी शाखा बंद करताना तर स्थानिक कायद्याची दोन किंवा सहा वर्षे कोण मोजणार, हे करारातच ठरवून ठेवावे लागते.

कामगाराच्या हाती दिलेला कागद मात्र कोणत्याही देशाच्या मुदतीत अडकत नाही. म्हणून मालकाने दप्तर मोडीत काढण्यापूर्वी, आणि शक्यतो नोकरी संपते त्याच दिवशी, प्रत्येकाला एका पानाचा सेवादाखला द्यावा. त्यावर नाव आधारपत्राप्रमाणे, तसेच कारखान्याच्या पटावर जसे होते तसे, तेलुगू वा कानडी नाव असल्यास ते त्या लिपीतही, तिकीट क्रमांक, भविष्य निर्वाह निधीचा जुना खाते क्रमांक आणि २०१४ नंतरचा सार्वत्रिक क्रमांक, नेमणुकीची व सेवासमाप्तीची तारीख, वर्षागणिक भरलेले दिवस, धूळ वा रसायने यांच्या खात्यात काम केले असल्यास ते खाते व तो काळ, शेवटचे वेतन, सही, शिक्का आणि सही करणाऱ्याचे स्पष्ट अक्षरांतील नाव. दोन प्रती कराव्यात आणि एक वारस म्हणून नोंदलेल्या व्यक्तीच्या नावे द्यावी.